पाहायला शिकणारा मेंदू



ज्या नेत्रतज्ज्ञांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर मोतीबिंदूची शिबिरे घेतली. त्यांच्या नावाने बोलायचे तर डोळ्याविषयीच बोलावे, असे मनात होते. पण आज मी डोळ्याच्या मागे काय घडते त्याविषयी बोलणार आहे. भिंग, पडदा, चष्म्याचा नंबर या गोष्टी आपल्या ओळखीच्या असतात. दिसण्याचे मोठे काम मात्र तिथून पुढे सुरू होते आणि कवटीच्या पार मागच्या टोकापर्यंत जाते. हे काम मेंदूला जन्मतः अर्धेमुर्धेच येते. उरलेले तो शिकतो, आणि त्याच्या या शिकण्याला वेळेची मर्यादा असते. लहान मुलांच्या डोळ्यांबाबत आपण जी चालढकल करतो, ती या मर्यादेमुळे फार महाग पडते.

आधी एक करून पाहा. हात समोर पूर्ण लांब करा, अंगठा उभा धरा आणि नजर नखावर खिळवून ठेवा. आता नजर न हलवता शेजारच्याच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवरचा मजकूर वाचायचा प्रयत्न करा. वाचता येत नाही. खरोखर बारीक आणि स्पष्ट दिसतो तो जवळजवळ त्या नखाएवढाच भाग. बाकीचे सभागृह पुसटच आहे. तरीही आपल्याला सगळे एकसारखे स्वच्छ दिसल्यासारखे वाटते, कारण डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा इकडून तिकडे उडी मारतात आणि तो स्पष्ट तुकडा हवा तिथे नेऊन ठेवतात. उडी चालू असताना जे फरफटलेले दृश्य पडद्यावर उमटते, ते मेंदू आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही. शिवाय प्रत्येक डोळ्यात, जिथून नस बाहेर पडते तिथे, प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. सतराव्या शतकात एद्म मारियॉत या फ्रेंच अभ्यासकाने हा आंधळा ठिपका शोधला. तोपर्यंत तो कोणाच्या लक्षात आला नव्हता, कारण भोक कधी दिसतच नाही. आजूबाजूचे पाहून मेंदू ते भरून काढतो.

म्हणजे समोरचे चित्र उचलून आत पोहोचवले जाते, ही कल्पना पहिल्या पावलालाच सोडून द्यावी लागते. मग आत काय पोहोचते?

डोळ्याच्या पडद्यावर अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी आहेत. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी सुमारे ६० लाख. या पेशींची एक गोष्ट मला आजही थक्क करते. प्रकाश पडला की पेशी जागी होत असेल असे आपण धरून चालतो. घडते उलटेच. अंधारात या पेशी पुढच्या पेशींकडे रसायन सतत सोडत असतात, आणि प्रकाश पडला की ते सोडणे कमी करतात. या कमी होण्यातूनच पुढच्या पेशींना प्रकाशाची वर्दी मिळते. यातली कसबी पेशी म्हणजे दंडपेशी. पूर्ण अंधाराला सरावल्यावर ती प्रकाशाच्या एका कणालाही प्रतिसाद देते. सृष्टीत याहून कमी प्रकाश असूच शकत नाही.

पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू आहेत जेमतेम १० ते १२ लाख. बारा कोटींहून अधिक पेशींचे म्हणणे एवढ्याच तंतूंतून जायचे, तर निवड करावीच लागणार. ही निवड पडद्यातच होते, आणि म्हणून पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग मानला जातो. गर्भात तो मेंदूतूनच फुटून निघतो. ती निवड कशी होते हे १९५३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्टीफन कफलर यांनी मांजराच्या डोळ्यावर दाखवले. नसेत संदेश धाडणाऱ्या प्रत्येक पेशीच्या वाट्याला दृश्याचा एक छोटा गोल तुकडा असतो. त्या गोलाच्या मध्यावर प्रकाश पडला की काही पेशी उसळतात, आणि कडेवर पडला की दबतात. काहींचे नेमके उलट. संपूर्ण गोलावर सारखाच प्रकाश पाडला, तर पेशी फारशी दखलच घेत नाही. शेताच्या ज्या वाफ्यात सगळे ठीक आहे त्याबद्दल राखणदार हाक मारत नाही, जिथे काही वेगळे दिसते तिथेच मारतो. या पेशी तसेच करतात. एकसारख्या भिंतीबद्दल त्या गप्प राहतात आणि भिंतीची कड आली की बोलतात.

याचा परिणाम आपण रोज भोगतो, फक्त जाणवत नाही. भर दुपारच्या उन्हात वर्तमानपत्र उघडले, तर त्यातल्या काळ्या अक्षरावरून डोळ्यात येणारा प्रकाश हा रात्री घरातल्या दिव्याखाली पांढऱ्या कागदावरून येणाऱ्या प्रकाशापेक्षा जास्त असतो. तरीही उन्हात अक्षर काळेच दिसते आणि रात्री कागद पांढराच. प्रकाश किती आला, हे मोजून मेंदूला उपयोग नसतो. शेजारच्यापेक्षा जास्त की कमी, एवढेच त्याला हवे असते, आणि पडदा नेमके तेवढेच पाठवतो.

दोन्ही डोळ्यांच्या नसा पुढे एकमेकींना छेदतात. प्रत्येक डोळ्यातले निम्मे तंतू बाजू बदलतात, त्यामुळे डाव्या बाजूचे जग उजव्या मेंदूत जाते आणि उजव्या बाजूचे डाव्या. वाटेत थॅलॅमस नावाच्या मेंदूतल्या भागात एक थांबा लागतो. तिथे दोन्ही डोळ्यांचे संदेश अजून वेगवेगळ्या थरांत असतात. एक विलक्षण गोष्ट अशी, की या थांब्यावरच्या पेशींना मिळणाऱ्या जोडण्यांपैकी डोळ्याकडून येणाऱ्या थोड्याच असतात. पुष्कळशा मेंदूच्या वरच्या भागांतून खाली येतात. आपण काय शोधत आहोत, कुठे लक्ष दिले आहे, याचा शब्द इथपर्यंत येऊन लागतो.

थॅलॅमसमधून निघालेले तंतू डोक्याच्या मागच्या टोकाला पोहोचतात. या जागेचा पहिला तपशीलवार नकाशा युद्धाने दिला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात बंदुकीच्या गोळ्या डोक्यातून आरपार जाऊनही अनेक जपानी सैनिक वाचले. ततसुजी इनोउये या नेत्रतज्ज्ञांनी गोळी कुठून शिरली, कुठून निघाली आणि सैनिकाला दृश्याचा कोणता तुकडा दिसेनासा झाला, हे ताडून पाहिले. त्यातून दिसले की मेंदूच्या मागच्या पृष्ठभागावर समोरच्या जगाचा नकाशा आहे, पण तो प्रमाणात नाही. नजरेच्या मध्यबिंदूच्या वाट्याला तिथे फार मोठी जागा आहे, कडेच्या जगाला फार थोडी.

या जागेतली एकेक पेशी काय करते, हे मात्र १९५८ पर्यंत कोणालाच माहीत नव्हते. कफलर यांच्याच प्रयोगशाळेत त्या वर्षी दोन तरुण एकत्र आले. कॅनडात जन्मलेले डेव्हिड ह्यूबेल आणि स्वीडनचे टॉर्स्टन वीझल. ह्यूबेल यांनी नुकताच टंगस्टनच्या तारेचा इतका बारीक इलेक्ट्रोड तयार केला होता, की एका पेशीचे विद्युत्‌ स्पंद ऐकता येत. भूल दिलेल्या मांजरासमोर पडदा, त्यावर प्रकाशाचे आणि काळ्या ठिपक्यांचे खेळ, आणि लाउडस्पीकरवर पेशीचा टकटक आवाज. कफलर यांनी ठिपक्यांवर काम केले होते, म्हणून हेही ठिपकेच दाखवत राहिले. पेशी काही केल्या दाद देईना. अशातच काचेची पट्टी यंत्रात सरकवताना लाउडस्पीकर कडाडला. ठिपक्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. काचेच्या कडेची एक फिकट, सरळ सावली पडद्यावरून सरकत गेली होती, आणि पेशीला हवी होती ती रेघ. तीही विशिष्ट कोनातली. रेघ थोडी तिरकी केली की आवाज मंदावे, आडवी केली की बंद.

कोणी म्हणेल, हा योगायोग. मला तसे वाटत नाही. तासन्‌तास एकाच पेशीपाशी बसून राहणाऱ्यालाच असा योगायोग भेटतो, आणि त्या आवाजाचे कारण ठिपका नसून कड आहे हे ओळखायला वेगळी नजर लागते. पुढची वीस-पंचवीस वर्षे हे दोघे त्या एका कडाडण्याचा अर्थ लावत राहिले. त्यांना दिसले की शेजारच्या पेशींच्या आवडीच्या रेघांचा कोन थोडाथोडा बदलत जातो, आणि साधारण एक मिलिमीटर सरकेपर्यंत सगळे कोन येऊन जातात. काही पेशींना रेघ एका ठरावीक जागीच लागते. काहींना ती आपल्या तुकड्यात कुठेही चालते, फक्त कोन बरोबर हवा. थॅलॅमसमधल्या गोल तुकड्यांच्या पेशींचे संदेश रांगेने एकत्र आले, की रेघ ओळखणारी पेशी तयार होते, अशी मांडणी त्यांनी केली. दोन्ही डोळ्यांचे संदेश पहिल्यांदा एका पेशीवर एकत्र येतात तेही इथेच. १९८१ चे नोबेल त्यांना मिळाले, रॉजर स्पेरी यांच्याबरोबर.

रेघांपासून माणसाच्या चेहऱ्यापर्यंतची वाट लांब आहे, आणि ती सगळी आपल्याला अजून कळलेली नाही. पण वाटेवरची काही ठाणी माहीत आहेत, आणि ती बहुधा रुग्णांनी दाखवली. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन हालचाल टिपणारा भाग निकामी झालेल्या एका स्त्रीचे वर्णन म्यूनिकच्या डॉक्टरांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. तिला रंग दिसत, आकार दिसत, माणसे ओळखू येत. गती मात्र दिसत नसे. कपात चहा ओतताना धार तिला गोठल्यासारखी दिसे, त्यामुळे कप कधी भरला ते कळत नसे. रस्ता ओलांडताना लांब दिसणारी गाडी अचानक अगदी जवळ आलेली असे. दुसरी एक स्त्री विषारी वायूमुळे आकार ओळखण्याची शक्ती गमावून बसली. समोरच्या फळीतली चीर उभी आहे की तिरकी, हे तिला सांगता येत नसे. पण हातात कार्ड देऊन ‘यात टाका’ म्हटले, की ती अचूक कोनात हात वळवून कार्ड आत सरकवी. हाताला जे दिसत होते, ते तिला स्वतःला दिसत नव्हते. ‘हे काय आहे’ आणि ‘याला हात कसा घालू’ हे प्रश्न मेंदू दोन वेगळ्या वाटांनी सोडवतो, ही गोष्ट या एका स्त्रीने अनेक ग्रंथांपेक्षा स्पष्ट सांगितली.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येतो. या पेशींना हे कसब येते कुठून?

ह्यूबेल आणि वीझल यांनी हा प्रश्न विचारला, कारण डोळ्यांच्या डॉक्टरांना एक कोडे पडलेले होते. मोठ्या माणसाचा मोतीबिंदू दहा वर्षांनी काढला तरी त्याला पूर्ववत दिसते. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलाचा मोतीबिंदू उशिरा काढला, तर डोळा निर्मळ होऊनही नजर येत नाही. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा, उघडण्याच्या सुमारास, टाके घालून मिटला आणि तीनेक महिन्यांनी उघडला. डोळा निरोगी होता. पडदा काम करत होता. मेंदूच्या मागच्या भागात मात्र त्या डोळ्याला दाद देणारी पेशी जवळजवळ उरलीच नव्हती. सगळ्या पेशी दुसऱ्या डोळ्याकडे गेल्या होत्या. मोठ्या मांजराचा डोळा त्याहून अधिक काळ मिटून ठेवला, तरी काही बिघडले नाही. हे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या पिल्लांचा विचार माझ्या मनातून जात नाही, आणि जाऊ नये असेच मला वाटते. त्यांनी गमावलेल्या नजरेतून जगभरच्या मुलांची नजर वाचली. हे ऋण मोजता येत नाही, पण विसरता तरी येऊ नये.

खरा धक्का पुढच्या प्रयोगात होता. एक डोळा मिटल्याने एवढे नुकसान होते, तर दोन्ही मिटल्यावर दोन्हींचे तेवढेच व्हावे, हा साधा हिशेब. तो चुकला. दोन्ही डोळे मिटलेल्या पिल्लांच्या मेंदूत डोळ्यांना दाद देणाऱ्या पेशी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त राहिल्या होत्या. म्हणजे केवळ न वापरल्याने डोळा मागे पडत नाही. दोन डोळ्यांमध्ये मेंदूतल्या जागेसाठी चढाओढ असते. एक उघडा आणि एक मिटलेला असेल, तर उघडा डोळा मिटलेल्याची जागा घेतो.

या एका निष्कर्षावर आजची बालनेत्रचिकित्सा उभी आहे. बाळाच्या एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर तो साधारण सहा आठवड्यांच्या आत काढावा, दोन्हींत असेल तर आठ ते दहा आठवड्यांच्या आत, असे आज मानतात. ज्याचा एक डोळा उत्तम आहे त्या बाळाला अधिक घाई, कारण चढाओढ तिथेच आहे. आई-वडिलांना हे उलटे वाटते. ‘एका डोळ्याने छान बघतोय, मोठा झाला की बघू,’ हे वाक्य डोळ्याच्या प्रत्येक दवाखान्यात ऐकू येते. त्या चांगल्या डोळ्यामुळेच दुसऱ्याचे नुकसान होत असते.

तिरळेपणाचेही तसेच. दोन डोळे दोन दिशांना पाहू लागले की मेंदूला दोन वेगळी चित्रे मिळतात, आणि तो त्यांतले एक बाजूला सारतो. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही, डोळे सरळ, सुंदर असतात, आणि एक डोळा गुपचूप मागे पडतो. याला लोक आळशी डोळा म्हणतात. शंभरात दोन-तीन मुलांना तो असतो. उपाय जुना आहे. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधावी, हे फ्रान्सच्या ब्युफाँ यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवले होते. ती का लागू पडते हे कळायला पिल्लांवरचे ते प्रयोग व्हावे लागले. पट्टीने आळशी डोळ्याला बळ मिळते ते चांगल्या डोळ्याला चढाओढीतून काही तास दूर ठेवल्यामुळे.

पण ही वेळेची मर्यादा म्हणजे धाडकन बंद होणारे दार आहे का? बरीच वर्षे तसेच समजले गेले, आणि त्या समजुतीने अनेक मुलांचे नुकसान केले. आठ-दहा वर्षांचे आंधळे मूल आले की ‘आता उपयोग नाही’ असे सांगून परत पाठवले जाई. ही समजूत ज्या कामाने हलवली ते भारतात झाले, याचा मला मनापासून अभिमान आहे.

दिल्लीत वाढलेले आणि आता अमेरिकेत एमआयटीत असलेले पवन सिन्हा यांनी दिल्लीच्या डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयाबरोबर ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उभा केला. जन्मापासून मोतीबिंदूने आंधळी असलेली मुले गावोगाव शोधायची, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायची आणि त्यांचा मेंदू पाहायला कसा शिकतो, याचा अभ्यास करायचा. त्यातून एका जुन्या प्रश्नाला उत्तर मिळाले. १६८८ मध्ये आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्राने विचारले होते, की स्पर्शाने गोल आणि घन ओळखणाऱ्या जन्मांधाला नजर आली, तर तो नुसत्या पाहण्याने ते ओळखेल का? शस्त्रक्रिया झालेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना हाताने चाचपलेला ठोकळा डोळ्यांनी ओळखायला सांगितले. स्पर्शाने स्पर्श त्यांनी जुळवला, नजरेने नजर जुळवली, पण हाताला कळलेले डोळ्याला ओळखता आले नाही. उत्तरे अंदाजाने द्यावी तशी आली. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झाले. खरी मोलाची गोष्ट त्यानंतरची: काही दिवसांतच हीच मुले ते बरोबर ओळखू लागली.

नवी नजर आलेल्या या मुलांना सुरुवातीला जग तुकड्यांनी दिसे. प्रत्येक वेगळा रंग, सावलीचा प्रत्येक डाग त्यांना वेगळी वस्तू वाटे. एखादे जनावर चित्रात उभे असेल तर त्याचे पांढरे आणि काळे पट्टे वेगवेगळे मोजले जात. तीच वस्तू हलू लागली की सगळे तुकडे एकत्र येत, कारण जे बरोबर हलते ते एकच असते. गतीच्या आधाराने मेंदू वस्तू सुटी करायला शिकतो आणि मग स्थिर वस्तूही ओळखू लागतो. तान्ह्या बाळापुढे खुळखुळा हलवून धरणाऱ्या आजीला हे शास्त्र कोणी सांगितले नव्हते, तरी ती बाळाला नेमके हेच पुरवत होती.

सगळेच शिकावे लागते असेही नाही. बाणांची टोके आत वळवली की रेघ आखूड वाटते आणि बाहेर वळवली की लांब, हा भास आपल्याला होतो. तो आयुष्यभर पाहण्याच्या सवयीतून येतो, असे अनेकांचे मत होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नजर आल्याबरोबर या मुलांनाही तोच भास झाला. त्यांनी आयुष्यात अजून काही पाहिलेलेच नव्हते. मेंदूची काही रीत उपजत आहे आणि काही कमावलेली. दोन्हींची सीमा नेमकी कुठे आहे, हे या मुलांकडूनच आपण शिकतो आहोत.

वयाच्या बाराव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीला सिन्हांच्या गटाने वीस वर्षांनी तपासले. तिची नजर फार तीक्ष्ण झालेली नव्हती, ती होणारही नव्हती. पण वस्तू ओळखणे, चेहरे ओळखणे, अंतर जाणणे हे सगळे तिला येत होते. आळशी डोळ्याचेही तसेच. ७ ते १२ वर्षांच्या मुलांना चष्म्याबरोबर पट्टी आणि इतर उपचार दिले, तर निम्म्याहून अधिक मुलांची नजर सुधारते, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने २००५ मध्ये दाखवले. बारीक दिसण्याचे दार लवकर बंद होते, समजण्याचे उशिरापर्यंत उघडे राहते. म्हणून बाळाच्या बाबतीत एक आठवडाही थांबू नये, आणि मोठ्या मुलाला कधीही परत पाठवू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मग बाळाच्या डोळ्यातला दोष वेळीच ओळखायचा कसा? जन्मानंतर बाळाच्या डोळ्यात टॉर्चसारख्या उपकरणाने प्रकाश टाकला, तर निरोगी डोळ्याच्या बाहुलीतून तांबूस-नारिंगी चमक परत येते. ती पांढरी किंवा काळसर दिसली, तर नेत्रतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जायला हवे, कारण मोतीबिंदूच काय, पडद्याचा कर्करोगही तसाच दिसू शकतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका बाळाची एक बाहुली पांढरी दिसली, तरी तेच करावे. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरहून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा गाभा आहे, आणि जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत आहे. गावातल्या आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना हे माहीत असते. आपल्या घरातल्या बाळाला त्यांच्यापुढे नेणे, हे आपल्याकडे आहे.

शस्त्रक्रियेने काम संपत नाही, हेही सांगतो. भिंग काढलेल्या बाळाला जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लागते, आणि बाळ वाढते तसा नंबर महिन्यामहिन्याला बदलतो. एका डोळ्याचा मोतीबिंदू असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी, तीही काही वर्षे. मूल रडते, पट्टी ओढून काढते, शाळेत चिडवतात, शेजारीपाजारी म्हणतात, ‘कशाला त्रास देता लेकराला, ऑपरेशन तर झालंय.’ मध्यम आळशी डोळ्याला दिवसाला दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच लागू पडते, असे २००३ मध्ये सिद्ध झाले आहे. दोन तास कोणत्याही घराला जमतात. त्या वेळात मुलाने बारीक काम करावे: मणी ओवणे, चित्र रंगवणे, तांदूळ निवडणे. डोळ्यातल्या पेशी केव्हाच तयार असतात, आणि मागच्या बाजूच्या पेशींना याच दोन तासांत पुन्हा त्या डोळ्याचे ऐकायची सवय लागते.